हलूनकांच्या डोक्याचा फोटो

बाजाराच्या टोकाला चपलांचं दुकान आणि दातांचा दवाखाना आहे. त्यांच्या मधल्या चिंचोळ्या जिन्याने वर गेलं की हलूनकांचा स्टुडिओ लागतो. स्टुडिओ म्हणायचं आपलं. खरं तर एकच खोली, पडद्याने दोन भाग केलेली. त्यात एक गोल स्टूल, छत्र्या लावलेले दिवे, मागे सोडायला एक पांढरा आणि एक निळा पडदा, आणि एक आरसा. गावातल्या बहुतेकांनी कधी ना कधी या आरशापुढे उभं राहून केस ओले करून बसवलेले आहेत. लग्नं, बारशी, सूर्य मावळताना उड्या मारणारी जोडपी यांच्या नादाला हलूनका कधी लागले नाहीत. त्यांनी जन्मभर फक्त ओळखपत्राचे फोटो काढले.

त्यांचं खरं नाव पाटीवर लिहिलेलं आहे, पण पाटी वाचून वर कुणीच येत नाही. "चेहरा सरळ. हनुवटी खाली. श्वास धरा. हलू नका." एवढं सगळं ते इतकी वर्षं एकाच चालीत म्हणत आले की आख्खा बाजार त्यांना हलूनका म्हणायला लागला. घरी फोन करून कुणी "हलूनका आहेत का?" असं विचारलं, तर काकू, म्हणजे त्यांची बायको, सरळ सांगायच्या, "आहेत. हलले की देते."

या धंद्यात माणूस फार लवकर शहाणा होतो. फोटो हातात पडला की दहातली नऊ माणसं म्हणतात, हा मी नाही, मी असा दिसत नाही. मग बरोबर आलेली बहीण नाहीतर बायको मान वाकडी करून बघते आणि म्हणते, अगदी असाच दिसतोस. हलूनका या भांडणात पडत नसत. लोकांचे चेहरे मात्र त्यांच्या डोक्यात पक्के बसलेले असत. वर्षानुवर्षांनी जिना चढून आलेल्याला ते सांगत, मागच्या खेपेला मिशी होती तुमची, आणि शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं. गिऱ्हाईक खूश होई, आणि हलूनका त्याहून जास्त. आपण काही विसरत नाही, ही गोष्ट त्यांनी स्वतःबद्दल कधीच ठरवून टाकली होती.

काकू कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात सकाळच्या वेळी फिटिंगचं काम करतात. विकत घेतलेल्या पँटी आखूड करायच्या, झगे कमरेत आवळायचे. टेप गळ्यात असते, पण ती नुसती शोभेला. समोरच्याची कंबर त्यांना बघूनच कळते, आणि ती कुणाला तोंडावर सांगायची नाही हेही कळतं. मुलीच्या बाळंतपणासाठी दुकानातून लांब रजा घेऊन त्या तिच्या गावी गेल्या, आणि हलूनका लग्नानंतर पहिल्यांदाच इतके दिवस घरी एकटे राहिले.

इथून सगळं सुरू झालं, असं हलूनकांचं मत.

आधी दूध उतू गेलं. मग पातेलं जळलं. मग दार मागे ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली, म्हणून कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. पुढच्याच आठवड्यात तो परत आला तेव्हा त्याने जुन्या मित्रासारखी पाठीवर थाप मारली. दिव्याचा बल्ब आणायला खाली उतरले आणि साबण घेऊन वर आले. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, तोही शोधायचं सोडून दिल्यावर, थंड पाणी घ्यायला गेले तेव्हा.

दुसरा कुणी असता तर हसला असता. हलूनका हसले नाहीत, कारण हे त्यांनी एकदा बघितलेलं होतं. त्यांची आई शेवटची काही वर्षं एकेक करून सगळं विसरत गेली होती. आधी गॅसवरचं, मग दारातलं, मग माणसं. शेवटी शेवटी ती पोटच्या मुलाला "फोटोवाले" म्हणायची आणि फार आदराने बोलायची. फोटोवाले, तुम्ही जेवलात का, तुमच्या घरी वाट बघत असतील. तिने शिव्या घातल्या असत्या तर हलूनकांनी त्या हसत खाल्ल्या असत्या. तो आदर मात्र त्यांच्या घशाखाली कधी उतरला नाही. त्यामुळे जळलेल्या पातेल्याचा वास काही केल्या घरातून जाईना.

काकू परत आल्या तोवर त्यांनी नवं पातेलं आणून जुन्याच्या जागी ठेवून दिलं होतं. काकूंनी ते एकदा हातात घेऊन बघितलं आणि फडताळात ठेवलं.

मग मुलीची बदली झाली आणि ती याच गावात, दोन गल्ल्या सोडून राहायला आली. जावई कामावर लांब, महिन्यातून एकदा येणार. नात रांगायला लागलेली. मुलीची रजा महिनाअखेर संपत होती, आणि साहेबाने तिला गोड शब्दांत कळवलं होतं की यापुढे रजा मिळणार नाही, राजीनामा मात्र केव्हाही चालेल. दुपारनंतर काकू घरी असत. प्रश्न उरला सकाळचा. सकाळी काकू दुकानात, आणि हलूनकांचा स्टुडिओ तर दुपार तोंडावर आल्याशिवाय उघडतच नाही. तेव्हा सकाळी नातीला बाबांनी सांभाळायचं, इतकं हे सरळ होतं. मुलीने विचारलं, आणि हलूनका म्हणाले, "बघू."

त्या घरात "बघू"चा अर्थ सगळ्यांना पाठ होता. नव्या गादीबद्दल ते बघू म्हणाले होते, समुद्रावर जाण्याबद्दल बघू म्हणाले होते, आणि ती गादी आणि तो समुद्र अजून बघायचेच राहिले होते. मुलीने बाळाला उचलून घेतलं. काकू मात्र ताडकन म्हणाल्या की पोरगी नोकरी सोडायला निघाली आहे आणि आजोबांना सकाळची झोप सोडवत नाही. हलूनकांनी ऐकून घेतलं. झोपेसाठी आळशी ठरणं त्यांना परवडलं असतं. डोळे मिटले की दुसरंच काहीतरी दिसायचं, आणि ते काकूंना सांगायची सोय नव्हती. बस थांब्यावरच्या बाकावर नात एकटी बसलेली आहे, आणि आपण घरी पोचून चपला काढतोय.

याच सुमारास चष्मा लावलेली एक उंच मुलगी ओळखपत्राचा फोटो काढायला जिना चढून आली. चष्म्यावर दिवा चमकत होता म्हणून हलूनकांनी तो काढायला लावला. चष्म्याशिवाय तिला कॅमेरा कुठे आहे ते दिसेना, आणि ती भिंतीकडे बघून छान हसली. या गोंधळात गप्पा निघाल्या. ती कॉलेजात संशोधन करत होती. माणूस जुनं काही आठवत असतो, किंवा स्वतःबद्दल विचार करत असतो, तेव्हा मेंदूत विजेच्या कसल्या बारीक लाटा उठतात ते ती बघत होती. त्यासाठी तिला धडधाकट माणसं हवी होती. तरुण मिळतात ढिगाने, तुमच्या वयाची मिळत नाहीत, असं ती म्हणाली. का, असं हलूनकांनी विचारलं. तर म्हणे, जी धडधाकट असतात त्यांना वेळ नसतो, आणि ज्यांना वेळ असतो ती आल्या आल्या मला दुखणी सांगत बसतात.

हलूनकांनी दिव्याची छत्री उगाच नीट केली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, डोक्यात काही बिघाड असला तर दिसतो का हो त्यात? मुलगी म्हणाली, ही तपासणी नव्हे, अभ्यास आहे. तिने हे त्या दिवशी सांगितलं, फोनवर सांगितलं, आणि प्रयोगाच्या आधी समोर बसवून पुन्हा समजावलं. हलूनकांनी तिन्ही वेळा मान डोलावली. पण माणसाला एखादी गोष्ट पाहिजेच असली की त्याच्या कानात तेवढीच शिरते. त्यांच्या डोक्यात एकच बसलं. तिथे धडधाकट माणसं घेतात. आपल्याला घेतलं आणि ठेवून घेतलं, तर आपण धडधाकट.

फोटोचा कागद आणायला जातो असं घरी सांगून ते कॉलेजात गेले.

खोली लहान होती, खिडकी नव्हती, आणि एक मोठी आरामखुर्ची होती. मुलीने पोहायला जाताना घालतात तशी टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली. टोपीला जागोजागी भोकं होती. प्रत्येक भोकात बिनटोकाच्या सुईने गार, चिकट जेल भरलं आणि तिथे एकेक तार जोडली. हलूनकांना आपण शोभेचं झाड झाल्यासारखं वाटलं. मग तिने काम समजावलं. आधी डोळे मिटून एखादा जुना दिवस आठवायचा. मग थोडा वेळ नुसता स्वतःबद्दल विचार करायचा. मग समोरच्या पडद्यावर एकेक शब्द येईल. कधी विचारलं जाईल, हा शब्द तुम्हाला लागू पडतो का? कधी विचारलं जाईल, हा तुमच्या जवळच्या माणसाला लागू पडतो का? जवळचं माणूस म्हणून हलूनकांनी बायको निवडली, कारण दुसरं कोण निवडणार. हो किंवा नाही, असं बटण दाबायचं. शेवटी, त्यातले कुठले शब्द आठवतात ते विचारलं जाणार होतं.

"आणि काका," मुलगी दार ओढता ओढता म्हणाली, "शक्यतो हलू नका."

झालं. ज्या माणसाने हे शब्द जन्मभर दुसऱ्यांना ऐकवले, त्याला ते पहिल्यांदाच कुणीतरी ऐकवले होते. हलूनका ताठ झाले. चेहरा सरळ झाला, हनुवटी खाली गेली. छाती भरून घेतलेला श्वास त्यांनी आतच धरला, दात आवळले आणि डोळे टक्क उघडे ठेवले. शब्द आला की श्वास धरायचे, बटण दाबलं की सोडायचे, पुढचा आला की परत धरायचे. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी पापणी लवू दिली नाही. जुना दिवस आठवा म्हटल्यावर डोळे मिटले खरे, पण आठवलं काहीच नाही. सगळं बळ न हलण्यातच गेलं. आणि स्वतःबद्दल विचार करा हे तर त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. संसारी माणूस स्वतःबद्दल विचार करतो तो दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत, आणि तोही लवकर सुटका होण्यापुरता.

टोपी निघाल्यावर त्यांची नजर मुलीच्या पडद्यावर गेली. भिंतीवर कुणाच्या तरी डोक्याचा नमुना लावला होता, संथ तलावावर वारा फिरावा तशा रेघा. आणि पडद्यावर होत्या त्यांच्या रेघा. काटेरी कुंपण. जाड, काळ्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. मुलीने ओठ चावले आणि म्हणाली की हे काही वापरता येणार नाही, पुढच्या आठवड्यात परत बसावं लागेल.

निम्म्या गावाला हलूनकांनी परत बसवलं होतं. फोटो बिघडला म्हणजे आपला चेहराच बाद झाला, असं त्यातल्या एकालाही वाटलं नव्हतं. पण स्वतःच्या डोक्यावर बेतलं की शहाणपण दाराबाहेर चपला सांभाळत बसतं. त्यांनी काही विचारलं नाही. बरं म्हणाले, बाहेर पडले, आणि घरचा रस्ता नीट आठवतोय ना हे प्रत्येक वळणावर तपासत घरी आले.

काकूंनी दार उघडलं आणि त्यांच्या केसांना हात लावला.

"हे काय? खळ?"

"फोटोचा कागद आणायला गेलो होतो."

"हल्ली कागद डोक्याला लावून देतात का?"

पुढे लपवण्यात अर्थ नव्हता. शास्त्राला मदत म्हणून कॉलेजात जाऊन आलो, असं हलूनकांनी सांगितलं. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. हा माणूस शेजारच्या इमारतीत मीटिंग असली तरी जात नाही, आणि शास्त्राच्या मदतीला धावला? नवं पातेलं, ते "बघू", आणि आता ही खळ. उसवलेलं कापड बघून धागा कुठे तुटला असेल ते काकूंना एरवी कळायचं. इथे तुटलंय एवढंच कळत होतं. त्या इतकंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी मीही येणार."

पुढच्या आठवड्यात दोघं गेली. काकूंना मुलीने काचेपलीकडे आपल्या शेजारी बसवलं. हलूनकांनी टोपी घातली, आणि पडद्यावर परत तेच कुंपण उगवलं. या वेळी मुलगी काचेतून त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. ती उठून आत आली.

"काका, तुम्ही श्वास धरून बसलाय का?"

"मग? धरायचा नाही?"

"आणि दात? पापणीही का लवत नाही तुमची?"

"तुम्हीच म्हणालात ना, हलू नका."

मुलगी एकदम खुर्चीच्या हाताला धरून हसायला लागली. पंधरवड्यापूर्वी त्यांच्या स्टुलावर ती स्वतः अशीच बसली होती. मग तिने सांगितलं की रेघा बिघडल्या त्या जबड्यामुळे. दात आवळले की त्या स्नायूंचीच वीज इतकी असते की तिच्यापुढे मेंदूचं कुजबुजणं ऐकूच येत नाही. पापणी लवली तर चालते, श्वास तर घ्यायलाच हवा. "इथे आपण फोटो काढत नाही काका. इथे नुसतं असायचं."

"तेच त्यांना येत नाही," काकू दारातून म्हणाल्या.

आणि खरंच येईना. सैल बसा म्हटलं की हलूनका सैल बसल्याचा फोटो द्यायला लागले. शेवटी काकूच आत आल्या. दुकानात ताठलेल्या गिऱ्हाइकाला करतात तसे त्यांनी दोन्ही हात नवऱ्याच्या खांद्यांवर ठेवून ते खाली दाबले आणि म्हणाल्या, "सोडा खांदे. असा कोट शिवला तर उद्या जेवायला हात वर होणार नाही." हलूनकांच्या तोंडून एक लांब श्वास बाहेर पडला, गेल्या आठवड्यापासून आत राहिला असावा असा. काकू काचेपलीकडे येऊन बसल्या, हलूनकांनी डोळे मिटले, आणि मुलीने पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. डोक्याच्या मागच्या बाजूच्या रेघा एका लयीत वरखाली व्हायला लागल्या होत्या. काकूंना वाटलं, धावदोऱ्याची शिवण चालली आहे. आत हा माणूस असा आहे होय, असं मनात म्हणून त्या जरा पुढे सरकून बसल्या.

आत हलूनका एखादा जुना दिवस शोधत होते, तर न शोधताच एक आला. नवा कॅमेरा आणलेला, स्टूल अजून आलेलं नाही, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून आई धान्याच्या डब्यावर बसली आहे. तेव्हा तिच्या सगळं लक्षात असायचं. कॅमेरा कुणाकडून घेतला, कितीला घेतला, हप्ता कधीचा, सगळं. पोलक्याचं एक बटण निघालं होतं म्हणून तिने तिथे पिन लावलेली. ती म्हणाली, "आता काढ लवकर, मला हसू येतंय." आणि फोटोत ती हललीच. हलूनका खुर्चीत बसून तो फोटो बराच वेळ बघत राहिले. नंतर मुलीने डोळे पुसायला कागद दिला तेव्हा म्हणाले, जेल जरा झोंबतं हो तुमचं.

मग शब्द आले. प्रेमळ, कंजूष, हट्टी, धीट, विसराळू. बायकोच्या "हट्टी"ला त्यांनी इतकं जोरात "हो" दाबलं की काचेपलीकडे आवाज गेला. स्वतःच्या "विसराळू"पाशी मात्र बोट अडलं. शेवटी त्यांनी "नाही" दाबलं. नापास व्हायच्या भीतीने शेजाऱ्याची पाटी बघावी, तसं.

तुमच्या वयाच्या बायकाही मिळत नाहीत, असं म्हणत मुलीने जाता जाता काकूंनाही विचारलं. काकूंनी एरवी केसांना तेलाशिवाय काही लावू दिलं नसतं, पण नवऱ्याने दोनदा काय भोगलं ते त्यांना आतून बघायचं होतं. त्याही बसल्या. जवळचं माणूस म्हणून त्यांनी नवरा निवडला.

तासाभराने दोघं कॉलेजच्या आवारातल्या बाकावर चहा पीत बसली होती. दोघांचेही केस पावसात सापडलेल्या पाखरांसारखे उभे राहिले होते. येणारी-जाणारी पोरं बघत होती, आणि काकू ज्याच्याकडे उलट बघत तो चालण्याचा वेग वाढवत होता.

"माझ्या 'हट्टी'ला काय दाबलंत?"

"ते गुप्त असतं. त्या मुलीने सांगितलंय."

"म्हणजे हो दाबलंत."

"तू माझ्या 'कंजूष'ला?"

"हो."

"'प्रेमळ'ला?"

"जरा वेळ लागला. पण हो."

हलूनकांनी कपातल्या चहाकडे बघत विचारलं, "आणि 'विसराळू'ला?"

"हो. शब्द पुरता उमटायच्या आत."

हलूनकांनी कप बाकावर ठेवला. म्हणजे हिला कळलं होतं. आपण एवढं पातेलं लपवलं, आणि हिला कळलं होतं.

"कधीपासून लक्षात आलं तुझ्या?"

"काय?"

"हेच. मी विसरायला लागलोय ते."

काकूंना आधी वाटलं, हे थट्टा करतायत. मग त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला.

"लागलोय?" त्या म्हणाल्या. "अहो, लग्न होऊन दोन दिवस नव्हते झाले, तुम्ही मला बसमध्ये ठेवून एकटे उतरलात. पुढच्या थांब्यावरून मी चालत आले, नव्या चपलांनी. घरी येऊन बघते तर तुम्ही चहा पिताय. मला म्हणालात, कुठे गेली होतीस?"

"माझं लक्ष दुसरीकडे होतं."

"तेच म्हणते मी. असतंच."

एकदा काकूंना वाचा फुटली की थांबणं कठीण. दूध इतकी वर्षं उतू गेलं नाही, कारण त्या गॅसपासून हलल्या नाहीत. दूध काही तुम्हाला घाबरत नव्हतं. स्टुडिओखालच्या चपलांच्या दुकानात घराची एक किल्ली कायम ठेवलेली असते, खास तुमच्यासाठी. चपलावाला परवा मलाच विचारत होता, हलूनका सारखे कुलूपवाल्याला का बोलवत होते म्हणून. चष्मा तुम्हाला रोज टेबलावर सापडतो, कारण तो जिथे पडलेला असेल तिथून मी उचलून टेबलावर ठेवते. चेहरे लक्षात राहतात तुमच्या, ते खरं आहे. पण बाकीचं सगळं मीच लक्षात ठेवत आले. मी तिकडे गेले आणि तुम्ही पहिल्यांदा एकटे राहिलात, तेव्हा तुमची तुमच्याशी गाठ पडली.

हलूनका ऐकत होते. आपण इतकी वर्षं भलत्याच माणसाला "मी" समजत होतो, हे कळल्यावर राग यायला हवा होता. पण छातीवरचं काहीतरी उतरायला लागलं होतं, आणि त्यातच त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मला वाटलं, आईसारखं."

काकू थांबल्या. नवं पातेलं, "बघू", खळ, सगळ्याचा धागा एकदम हाताला लागला. हा माणूस बाळाला नको म्हणत नव्हता. बाळासाठी स्वतःला नको म्हणत होता. इतक्या दिवसांत आपण काय काय बोललो तेही त्यांना आठवलं. त्यांनी नवऱ्याच्या केसांतला जेलचा एक वाळलेला कण काढून टाकला.

"सासूबाई कधी काही विसरायच्या नाहीत हो," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मग विसरायला लागल्या. तुम्ही पहिल्यापासून आहात तिथेच आहात."

इतक्यात ती मुलगी चहा घ्यायला बाहेर आली, आणि माझ्या रेघांत काही बिघाड दिसला का, हे पहिल्या दिवशी विचारायचं राहिलेलं हलूनकांनी तिला आत्ता विचारलं. तिने चौथ्यांदा सांगितलं, पण या वेळी ते आत गेलं. तुमच्या रेघा पुष्कळ लोकांच्या रेघांत मिसळतात, मग सगळ्यांचं मिळून काही दिसलं तर दिसतं. एकट्या तुमच्याबद्दल यातून मी चांगलंही सांगू शकत नाही आणि वाईटही. मनात शंका असेल तर डॉक्टरकडे जा, हे काम त्यांचं. हलूनकांना तिचा राग आला नाही. चांगलं बोलून गिऱ्हाईक परत पाठवायची सोय असतानाही तिने तसं केलं नव्हतं.

डॉक्टरकडे दोघं गेली. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, उलटे आकडे मोजायला लावले, काही शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. हलूनकांनी ते सगळे सांगितले, आणि वर "हट्टी" आणि "कंजूष" हे दोन जास्तीचे सांगितले. डॉक्टर म्हणाले, आत्तापुरतं काळजीचं काही दिसत नाही, वर्षभराने परत या. बाहेर आल्यावर हलूनका त्या "आत्तापुरतं"शी जिभेने खेळत राहिले, दातात काही अडकल्यासारखे. काकू म्हणाल्या, फिटिंगसुद्धा आत्तापुरतंच असतं, म्हणून लोक उघडे फिरत नाहीत.

त्याच संध्याकाळी हलूनकांनी आपणहून लेकीला फोन केला. सगळं सांगितलं, अगदी बस थांब्याच्या बाकासकट. मग ती म्हणाली, "बाबा, मी तुमच्याकडेच वाढले ना. मला काय माहीत नाही का?" शाळेतून आणायला बाबा विसरले की ती शिपायाच्या खुर्चीत बसून त्याच्या गोष्टी ऐकायची. ते दिवस तिला सगळ्यात आवडायचे. मग तिने कामाचं बोलणं काढलं. गॅस सकाळी बंदच ठेवायचा, बाळाचं खाणं ती बरोबर आणून देईल. बाहेर फिरायला न्यायचं ते आई आल्यावर. आणि ती ऑफिसातून मध्ये मध्ये फोन करेल. चालेल? हलूनका "बघू" म्हणायला तोंड उघडून थांबले आणि म्हणाले, "चालेल."

पहिल्या दिवशी मुलगी बाळाला सोडून गेली. जिन्यावरून एकदा परत आली, दारातून डोकावली, आणि मग खरंच गेली. बाळाने दाराकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, आणि दोन्हींत फारसा दम नाही असं ठरवून भोकाड पसरलं. हलूनकांनी तिला उचलून घरभर फिरवलं, एकेका वस्तूचं नाव सांगत, हे फडताळ, हे पातेलं, नवीन आहे. पातेल्यापाशी ती गप्प झाली. मग ती पातेलं आणि चमचा घेऊन बसली, आणि हलूनका तिच्यासमोर फरशीवर बसले.

थोड्या वेळाने फोन वाजला. मागे ऑफिसातल्या मशीनचा आवाज येत होता.

"बाबा, कशी आहे?"

"कोण?" हलूनका म्हणाले.

पलीकडचं सगळं थांबलं, मशीनसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. हलूनकांना मग राहवेना. त्यांनी फोन खाली धरला, पातेल्यावर चमचा दणदणा वाजला, आणि त्या गोंगाटात मुलीला ऐकू आलं की बाबा हसतायत.